मळभ आलं की मीटर दिसेना: ट्रकच्या डॅशबोर्डच्या उजेडाची तक्रार कशी शोधायची

सोलापुरात ही तक्रार वर्षातून ठरावीक वेळीच येते. जूनमध्ये पहिल्यांदा आभाळ भरून आलं की, मग सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात, आणि थंडीत उजनीच्या पाण्याकडून इंदापूर-टेंभुर्णीच्या पट्ट्यात धुकं उतरलं की. ड्रायव्हर दोनपैकी एक गोष्ट सांगतो. एक, "अण्णा, लाइट लावली की मीटर झोपतंय," म्हणजे मंद होतंय. दुसरी, "अण्णा, ढग आले की काटाच दिसत नाही, लाइट लावली की बरं दिसतंय." ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं आणि जॉबकार्डावर दोन्हीसाठी एकच ओळ पडते, 'मीटर लाइट कमी'. पण या दोन तक्रारींची कारणं उलटी आहेत. पहिलीचा इलाज दुसरीला केला तर पैसे जातात आणि पुढच्या पावसाळ्यात गाडी परत दारात उभी राहते.

ही तक्रार पुन्हा पुन्हा येते त्याचं आणखी एक साधं कारण आहे. गाडी गॅरेजला लागते तेव्हा ऊन पडलेलं असतं. वायरिंगवाला बटन दोनदा खालीवर करतो, मीटर लागतंय, डिमर (मीटरचा उजेड कमी-जास्त करायची सोय) फिरतोय, काटे हलतायत, "सगळं ओके आहे" म्हणतो आणि गाडी सोडून देतो. त्याचंही चूक नाही, त्याच्यासमोर बिघाड झालेलाच नाही. म्हणून पहिलं काम हत्यार काढायचं नाही, मळभ तयार करायचं. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी मागे घ्या, तोंड उन्हातल्या अंगणाकडे ठेवा. समोर लख्ख, केबिनमध्ये अंधूक: ढगाळ दुपारी ड्रायव्हरला जे दिसतं ते जवळपास हेच. शेड नसेल तर पुढच्या काचेच्या वरच्या निम्म्या भागावर बाहेरून एक जाड चादर टाका. सोलापुरात चादरीला तोटा नाही, दुहेरी करून टाकली की उजेड चांगलाच तुटतो. मग ड्रायव्हरच्या सीटवर स्वतः बसा. बाहेर फूटबोर्डावर उभं राहून वाकून बघितलेलं मीटर आणि सीटवरून दिसणारं मीटर यात फार फरक असतो.

ढगाळ उजेड इतका अडचणीचा का, हे आकड्यात बघितलं तर लगेच कळतं. उजेड लक्समध्ये मोजतात. कडक उन्हात तो १ लाख लक्सच्या आसपास जातो. ढगाळ दुपारी साधारण १ हजार ते १० हजारांच्या दरम्यान खेळतो, आणि काळे ढग दाटून आले तर काहीशेवर येतो. केबिनच्या आत, त्यातही मीटरवरच्या छज्ज्याखाली, त्यातला थोडाच भाग पोचतो. मात्र ड्रायव्हरचा डोळा मीटरकडे लागलेला नसतो, तो रस्त्याकडे असतो, आणि रस्त्यावरचं आभाळ सगळंच्या सगळं पांढुरकं चमकत असतं. डोळ्याची बाहुली त्या चमकेला जुळून लहान झालेली. तशी नजर खाली मीटरवर आणली की मीटर आहे त्यापेक्षा काळं दिसतं. वर मीटरच्या काचेवर बाजूच्या खिडकीतून येणाऱ्या पांढऱ्या उजेडाचं सावट पडतं ते वेगळंच. म्हणजे ढगाळ दिवसाला मीटरमागे रात्रीपेक्षा किती तरी जास्त उजेड लागतो. आणि गाडीला तर दोनच गोष्टी शिकवलेल्या असतात, दिवस आणि रात्र.

म्हणून मीटर उघडायच्या आधी एकच प्रश्न सोडवायचा: या गाडीत 'आता रात्र झाली' हा निरोप मीटरला कोण देतं?

जुन्या गाड्यांत, बल्बवाल्या मीटरला, निरोप वगैरे काही नसतो. पार्किंगचं बटन ओढलं की पार्किंगच्याच लाइनवरून डिमरमार्गे मीटरमागच्या बल्बांना करंट जातो. दिवसा बल्ब बंद. दिवसा काटा दिसतो तो बाहेरच्या उजेडावर. या गाड्यांची तक्रार बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारची, 'लाइट लावल्याशिवाय दिसत नाही'. नव्या गाड्यांत, त्यातही २०२० च्या एप्रिलनंतरच्या, धुराचे कडक नियम पाळणाऱ्या बीएस-६ गाड्यांत, मीटरमागे एलईडी असतात आणि मधे एक स्क्रीन असतो. हे दिवसाही चालू असतात, पूर्ण जोरात. पार्किंग किंवा हेडलाइट लागली की मीटर समजतं रात्र झाली आणि स्वतःहून उजेड उतरवतं, ड्रायव्हरच्या डोळ्यांना झळ लागू नये म्हणून. इथली तक्रार पहिल्या प्रकारची. गाड्यांचा तिसरा प्रकार म्हणजे उजेडाचा सेन्सर असलेल्या गाड्या, ज्यात बटन ऑटोवर असतं आणि दिवस-रात्र सेन्सर ठरवतो.

तुमची गाडी कुठल्या प्रकारातली हे पुस्तक नसलं तरी कळतं. शेडमध्ये इग्निशन चालू, सगळ्या लाइट बंद. मीटरमागे उजेड आहे का बघा. नसेल तर जुनी, बल्बवाली गाडी. असेल तर पार्किंग लावा. लगेच, टिचकी वाजवल्यासारखा उजेड उतरला तर निरोप बटनाकडून येतोय. काहीच बदललं नाही तर बटन ऑटोवर ठेवा, सेन्सरवर तळहात ठेवा आणि थांबा. लगेच काही होणार नाही. पुलाखालून किंवा झाडाच्या सावलीतून जाताना मीटर लुकलुकू नये म्हणून सेन्सरला मुद्दाम उशीर ठेवलेला असतो. मनातल्या मनात पन्नास-साठपर्यंत मोजा. लोक चार सेकंद हात ठेवतात आणि सेन्सर मेला म्हणून निकाल देतात.

हत्यार न लावता सुटणाऱ्या गोष्टी आता उरकून घेऊ.

ड्रायव्हरला गॉगल काढायला सांगा. पोलराइज्ड काचांचा गॉगल आणि एलसीडी स्क्रीन यांचं जमत नाही, मान तिरकी केली की आकडे गायब होतात. हे ऐकून मालक हसतात, पण 'नवीन गाडीचं मीटर ढगात दिसत नाही' अशी तक्रार गॉगल खिशात गेल्यावर मिटल्याचं उदाहरण कुठल्याही वायरिंगवाल्याकडे सापडेल.

मग डिमर. हा नेहमी लाइट लावून तपासायचा. पुष्कळ मीटरमध्ये दिवसाची आणि रात्रीची पातळी वेगवेगळी साठवलेली असते, लाइट बंद ठेवून वाढवलेली पातळी रात्रीच्या खात्यात जातच नाही. ड्रायव्हर रात्री हैदराबाद रोडला डोळ्यांना त्रास होतो म्हणून डिमर पार खाली आणतो आणि विसरतो. पुढे आठवडाभर ऊन असतं तोवर कुणाला पत्ता नाही. ढग आले, लाइट लावली, मीटर झोपलं. पहिल्या प्रकारच्या तक्रारीत बिघाड शोधण्याआधी हे बघायचंच. कुठे फिरवायचं चाक असतं, कुठे मीटरच्या शेजारी बटन, कुठे स्टिअरिंगवरच्या बटनांनी मेनूत जावं लागतं. लाइट लावा, पातळी सगळ्यात वर न्या, इग्निशन बंद करून पुन्हा चालू करा आणि ती टिकली का बघा. टिकत नसेल तर मात्र मीटरला कायमचा मिळणारा बॅटरीचा सप्लाय तुटत असण्याची शक्यता आहे, तो फ्यूज आधी तपासा.

आता सेन्सरवाल्या गाड्या. सेन्सर सहसा डॅशबोर्डच्या वर काचेजवळ काळ्या छोट्या घुमटासारखा असतो, किंवा काचेला आतून चिकटवलेला असतो. डॅशबोर्डवरचा प्रत्येक काळा घुमट हा सेन्सर नसतो हेही लक्षात ठेवा, एसीसाठी उन्हाचा अंदाज घेणारा वेगळा सेन्सर असतो आणि जीपीएसचा अँटेनाही तसाच दिसतो. वायरिंगचा नकाशा मिळाला तर त्यावरून खात्री करा.

सेन्सर सापडला की त्याच्या जागी डोळा लावून वर बघा. खरंच, गाल डॅशबोर्डला टेकवून. काय दिसतं? आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत आभाळ सोडून सगळं दिसतं. समोर विठ्ठलाची मूर्ती, तिच्या मागे खंडेनवमीला घातलेला आणि आता वाळून तपकिरी झालेला झेंडूचा हार, काचेच्या वरच्या कडेला झालर, बाहेर कपाळावर पत्र्याचा छज्जा. काचेला आतून हात लावा, बोटाला चिकट पिवळसर थर येतो. रोज सकाळी त्याच जागी लावलेल्या उदबत्तीचा धूर काचेच्या त्याच वितीवर बसून हा थर होतो, आणि उदबत्तीचं घर नेमकं सेन्सरच्या शेजारी असतं. देव हलवा असं कुणी म्हणत नाही. वीतभर बाजूला सरकवला तरी काम होतं. ड्रायव्हरला विचारून, त्याच्याच हाताने सरकवून घ्या.

कडक उन्हात एवढं सगळं आडवं असूनही सेन्सरला भरपूर उजेड मिळतो, म्हणून ऊन असतं तोवर तक्रार नाही. ढगात मात्र तो काठावर येतो. इथे सेन्सरचा एक स्वभाव समजून घ्यायला हवा. रात्र धरायची पातळी खाली असते आणि परत दिवस धरायची पातळी तिच्यापेक्षा वर असते, दोन्ही एक ठेवली तर मीटर सतत चालू-बंद करत बसेल. ढगाळ दिवशी उजेड नेमका या दोन पातळ्यांच्या मधे लटकतो. गाडी एकदा उड्डाणपुलाखालून गेली, किंवा मुंबईच्या फेरीत एक्सप्रेसवेच्या भाताण, माडप, कामशेत यांपैकी एखाद्या बोगद्यातून बाहेर पडली, की मीटरने रात्र धरलेली असते आणि बाहेरचा मळकट उजेड त्याला परत दिवसावर आणायला पुरत नाही. ड्रायव्हर सांगतो, "कधी होतं कधी नाही." त्याला विचारा, आधी बोगदा किंवा पूल लागला होता का. हो म्हणाला तर सेन्सर चांगला आहे, त्याच्यासमोरची काच धुवा. साधा ओला कपडा, थोडं साबणाचं पाणी, मग कोरडा. थिनर, पेट्रोल काही नको, सेन्सरवरचं आणि मीटरवरचं प्लास्टिक त्याने धुरकट होतं आणि ते परत येत नाही.

काचेवरच्या फिल्मचं एक. मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड पार झाला पाहिजे, आणि काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली. तरी काचेच्या वरच्या पट्ट्यात गडद निळी पट्टी चिकटवलेल्या गाड्या दिसतात. सेन्सर त्या पट्टीमागे असेल तर बाकी काही तपासत बसू नका, आधी ती काढा.

इथपर्यंत करूनही तक्रार राहिली तर मल्टीमीटर काढा. टेस्ट लॅम्प बीएस-६ गाडीत वापरू नका, त्याचा बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढ्याने कंट्रोल युनिटचं आउटपुट जाऊ शकतं. मीटरचं कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढायच्या आधी बॅटरीचा कट-ऑफ (मुख्य स्विच) बंद करा, पण इग्निशन बंद केल्याबरोबर नाही. बीएस-६ मध्ये इग्निशन बंद झाल्यावर डीईएफचा (धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाच्या पाण्याचा) पंप पाइपातला द्रव मागे ओढून घेतो, त्याला पुस्तकात लिहिलेला वेळ द्या. हा वेळ न देता रोज कट-ऑफ मारणाऱ्या गाड्यांची डीईएफची लाइन जाम होते, आणि तो खर्च मीटरच्या खर्चाला लाजवतो.

ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट मिळायला हवेत. तिथेच कमी असतील तर मीटरकडे जाऊच नका, आधी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बघा. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्याही मोजा. १२ व्होल्टचा टेप किंवा चार्जर एकाच बॅटरीवरून घेतलेला असला की ती बॅटरी कायम उपाशी राहते आणि दुसरी फुगते.

मग अर्थिंग. पार्किंग लावून, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन मीटरच्या अर्थच्या वायरवर. ०.२ व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थ खराब. डॅशबोर्डखाली ज्या बोल्टला पाच-सहा अर्थ एकत्र बांधलेल्या असतात तो सोडवा, पत्रा घासा, रिंग टर्मिनल घासा, घट्ट करा. पावसाळ्यात वायपरच्या बाजूने पाणी याच बोल्टपर्यंत झिरपतं. तसंच सप्लायची बाजू: लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी पिन बल्बकडे जाणाऱ्या वायरवर, डिमर पूर्ण वर. इथे एक व्होल्टच्या वर गळती दिसली तर डिमर, बटन किंवा मधला जोड खातोय. एलईडीच्या मीटरमध्ये मात्र हा आकडा फसवतो. तिथे उजेड कमी करायला करंट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केला जातो आणि साधा मल्टीमीटर त्याची सरासरी दाखवतो. तिथे फक्त मीटरच्या कपलरवर येणारा मुख्य सप्लाय आणि अर्थ मोजा, आतलं मोजू नका.

आता या सगळ्यातला सगळ्यात चुकवणारा बिघाड, आणि तो मीटरपासून पंचवीस-तीस फूट लांब असतो.

ढगाळ संध्याकाळी, लाइट अजून लावलेली नसताना, ब्रेक दाबला की मीटरचा उजेड उतरतो आणि पाय काढला की परत चढतो. किंवा जुन्या गाडीत उलटं, ब्रेक दाबला की मीटरमागचे बंद असलेले बल्ब मिणमिणतात. उन्हात हे दिसतच नाही, म्हणून महिनोन्महिने तसंच चालतं. याचं कारण टेललाइटची तुटलेली अर्थ. मागच्या दिव्यात ब्रेक आणि पार्किंगचा बल्ब एकच असतो, २४ व्होल्ट २१/५ वॉटचा, आत दोन तारा आणि दोघींची अर्थ एक. ती अर्थ गंजून तुटली की ब्रेकच्या तारेतून आलेल्या करंटला बाहेर पडायला जागा राहत नाही, तो पार्किंगच्या तारेतून उलटा शिरतो आणि पार्किंगच्या लाइनवरून थेट डॅशबोर्डापर्यंत येतो. मीटरला वाटतं पार्किंग लागली. त्याने उजेड उतरवला. मीटरने आपलं काम चोख केलं, निरोप चुकीचा गेला. इंडिकेटरची अर्थही त्याच बोल्टला असेल तर इंडिकेटरच्या तालावर मीटर लुकलुकतं.

तपासायला मिनिट लागत नाही. शेडमध्ये इग्निशन चालू, सगळ्या लाइट बंद, एकाने ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने मागे उभं राहायचं. एका बाजूचा ब्रेक लाइट मंद आणि त्याच वेळी पार्किंगच्या इतर दिव्यांत धुगधुगी दिसली, की अर्थ त्या बाजूची. मागच्या चेसिसला लागलेली ती वायर बघाल तर अशा वेळी रिंग टर्मिनलची फक्त हिरवी भुकटी उरलेली असते. उसाच्या हंगामात कारखान्याच्या अंगणात उभ्या राहिलेल्या गाड्या, मिठाची भरती केलेल्या गाड्या यांत हे हमखास. नवीन टर्मिनल, नवीन बोल्ट, घासलेला पत्रा, वरून ग्रीस. मीटरला हात न लावता मीटरची तक्रार जाते.

दुसरा लांबचा चोर म्हणजे बॉडीच्या लाइट. गाडी चेसिस म्हणून येते, बॉडी वेगळीकडे बांधली जाते, आणि बाजूच्या दिव्यांची पट्टी, कपाळावरच्या रंगीत लाइट, मूर्तीमागचा दिवा हे सगळं पार्किंगच्या वायरवर जोड मारून घेतलेलं असतं, कारण ती वायर हाताशी असते. केबिनखाली असा जोड सापडला की टेप उलगडून बघा. चिकटा गळून काळा झालेला, आतला पीळ दिलेला तांब्याचा तार काळपट-हिरवा, आणि शेजारच्या दोन वायरींचं प्लास्टिक एकमेकांत वितळलेलं. हा जोड स्वतःच दोन-तीन व्होल्ट खातो आणि डिमरही तापवतो. जोडाच्या पुढचं सगळं सोडवा आणि मीटर बघा. उजेड उसळला तर बॉडीच्या लाइट वेगळ्या रिलेवर, वेगळ्या फ्यूजवर घ्या. पार्किंगच्या वायरकडून फक्त रिलेला निरोप द्यायचा, ओझं बॅटरीवरून यायचं. मालक "एवढ्या लाइट कशाला" म्हणून सगळ्या काढायला सांगतात आणि ड्रायव्हर रुसतो. रिले लावलेला बरा.

जुन्या बल्बवाल्या गाड्यांबद्दल थोडं वेगळं. मीटर काढून बल्ब बघाल तर काच आतून काळी पडलेली असते आणि त्यावर घातलेली हिरवी रबरी टोपी कोळपून गडद झालेली. लागतात सगळे, पण उजेड बाहेर येत नाही. बल्ब आणि टोप्या सगळ्या एकदम बदला, एखाद-दुसरा बदलला तर मीटरवर चट्टे दिसतात. इथे हमखास सल्ला मिळतो, "एलईडी टाका की." टाका, पण तीन गोष्टी बघून. २४ व्होल्टचाच घ्या, १२ चा क्षणात जातो. लागला नाही तर उलटा बसवून बघा, एलईडीला दिशा असते. आणि फिरवायचा जुना डिमर एलईडीवर चालत नाही. तो डिमर म्हणजे मधला रोध, बल्बच्या भरपूर करंटवर बेतलेला. एलईडी इतका कमी करंट घेतो की डिमर कितीही फिरवा, उजेड तसाच. ढगाळ दिवशी मस्त दिसतं आणि रात्री तुळजापूरच्या घाटात तोच उजेड काचेवर उमटून ड्रायव्हरला रस्ता दिसत नाही. माझं मत विचाराल तर रात्रीची गाडी असेल तर चांगले बल्बच घाला.

अशा गाडीत दिवसा, पार्किंग न लावता मीटर उजळवायचं असेल तर एक चांगला रस्ता आहे, डॅशबोर्डवर एक छोटा टू-वे स्विच. मधली पिन मीटरच्या बल्बांकडे. एका बाजूला डिमरकडून येणारी मूळ वायर, दुसऱ्या बाजूला इग्निशनचा सप्लाय, मधे २ अँपिअरचा फ्यूज. २४ व्होल्ट १.२ वॉटचे सहा बल्ब धरले तरी करंट जेमतेम ०.३ अँपिअर, फ्यूज निवांत. साधा चालू-बंद स्विच लावून दोन्ही वायरी एकत्र करू नका. तसं केलं की इग्निशनचा करंट डिमरमधून मागे जाऊन पार्किंगच्या सगळ्या लाइट पेटवायला बघतो, आणि वर सांगितलेला उलट्या करंटचा गोंधळ आपणच तयार करतो. बीएस-६ गाडीत हा उद्योग अजिबात नको. तिथे मीटरला निरोप कंट्रोल युनिटकडून डेटाच्या वायरवर येतो, वायर तोडून काही साधत नाही, वॉरंटी मात्र जाते. तिथे स्कॅनर लावून पार्किंगचं इनपुट आणि सेन्सरचा आकडा स्क्रीनवर बघायचा, चादर टाकायची, काढायची, आकडा हलतो का बघायचं. कंपनीच्या सर्व्हिसमध्ये उजेडाची पातळी बदलायची सोय असेल तर तिथूनच करून घ्या.

उरली मीटर बदलायची गोष्ट. ती एकाच बाबतीत लवकर मान्य करावी, स्क्रीनच भाजलेला असेल तर. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ च्या पुढे जातो, मार्केट यार्डात काच बंद करून उभ्या ठेवलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेवता येत नाही. एलसीडीवरची फिल्म त्या उष्णतेने करपते, मधोमध जांभळट-तपकिरी डाग पडतो, आणि मागचा उजेड पूर्ण असला तरी तेवढ्या भागातले आकडे दिसत नाहीत. हा डाग उन्हात, ढगात, रात्री सगळीकडे सारखा असतो, ही त्याची ओळख. दुपारी काळा पडून संध्याकाळी पूर्ववत होणारा स्क्रीन मात्र अजून मेलेला नाही, दिवसा उभी असताना मीटरवर कापड टाकत जा. मीटर बदलावंच लागलं तर जुन्या मीटरवरचे किलोमीटर बिलावर लिहून घ्या, पुढे गाडी विकताना वाद होत नाही.

गाडी दुरुस्त होईपर्यंत ड्रायव्हरला एक गोष्ट बजावून सांगा. मीटर दिसावं म्हणून पावसात लाइट बंद करायची नाही. पुष्कळ जण करतात. सावळेश्वरच्या टोलनाक्याच्या पुढे सर आली, समोरचं धूसर झालं, आणि मीटर उजळावं म्हणून हेडलाइट बंद. उजेड पुरेसा नसेल तेव्हा दिवे लावलेच पाहिजेत असा नियम आहे, आणि मागून येणाऱ्याला तुमचा टेललाइट दिसला नाही तर नियमाचा प्रश्न नंतर. तसाही वेग ८० वर बांधलेला असतो, स्पीडचा काटा न दिसल्याने फार बिघडत नाही. बघायचा असतो ब्रेकच्या हवेचा काटा आणि इंजिनच्या पाण्याच्या तापमानाचा. तेवढे दोन दिसत नसतील तर गाडी कडेला घ्या, हॅझार्ड लावा, काटे बघा, मग निघा. हवा कमी झाल्याचा बझर वाजतो की नाही हेही या निमित्ताने तपासून घ्या, मीटर मंद असताना भिस्त त्याच्यावरच आहे.

आणि गाडी गॅरेजला पाठवताना जॉबकार्डावर 'मीटर लाइट कमी' लिहू नका. असं लिहा: "ढगाळ दिवसा, लाइट चालू केल्यावर स्क्रीन मंद होतो, बंद केल्यावर ठीक. डिमर पूर्ण वर. ब्रेक दाबल्यावर फरक पडत नाही." जमलं तर ढगातच मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवा, लाइट बंद असताना आणि चालू असताना, सलग एकाच व्हिडिओत. व्हिडिओत मीटरवर काळे पट्टे सरकताना दिसले तर घाबरू नका, एलईडी शेकडो वेळा चालू-बंद होतात ते कॅमेऱ्याला दिसतं, डोळ्याला नाही. तो बिघाड नाही, हे व्हिडिओसोबत वायरिंगवाल्यालाही कळवा, नाहीतर तो त्याच्याच मागे लागतो.